दौलतआबा कोणत्या पायानं लंगडायचे?

गेली सहा वर्षं मी एकच निबंध वाचत हिंडते आहे. ‘अॅनिमेशन लघुपटांतील वसाहतवाद आणि स्त्रियांवरील हिंसा’ असं त्याचं भारदस्त नाव. नागपुरात, म्हणजे माझ्या गावात, तो दोनदा वाचून झाला. अमरावतीला झाला, हैदराबादला इंग्रजीतून झाला. दर वेळी शेवटच्या पानाशी पोचेपर्यंत श्रोत्यांची नजर जेवणाच्या रांगेकडे वळलेली असते. बावीस पानांत मी जे सांगते ते एका वाक्यातही सांगता येतं. ज्या देशांवर गोऱ्यांनी राज्य केलं तिथले कलावंत मातीच्या बाहुल्या, चिंध्या, खडू असं काहीबाही तसूतसूनं हलवून पाच-सात मिनिटांचे सिनेमे करतात, आणि त्यांत साहेबानं नवऱ्याला मारलेला फटका हमखास बायकोच्या पाठीवर जाऊन पडतो. पण एका वाक्यासाठी कोणी भाडं देऊन बोलावत नाही, म्हणून बावीस पानं.

तो निबंध घेऊन गेल्या फेब्रुवारीत मी सातारा-सांगलीकडे जाऊन आले. आमच्या विदर्भातून तिकडे फारसं कोणी जात नाही. गेलंच तर महाबळेश्वरला जातं, स्ट्रॉबेरी खातं आणि परत येतं. मी खाली नदीकाठच्या मुलखात गेले होते, म्हणून हे लिहिते आहे.

कराड

रेल्वेचं वर्णन करत नाही. नागपूर ते कराड हा प्रवास ज्याला करायचा असेल त्यानं स्वतः करावा.

कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोरून येऊन एकमेकींना भिडतात आणि मग काटकोनात वळून एकत्र चालू लागतात. नद्या अशाही भेटतात हे मी प्रथमच पाहिलं. घाटावर बसलेल्या एका गृहस्थांनी मला विचारलं, “तुमच्याकडं कुठली नदी?” मी नाग नदी म्हटलं आणि विषय बदलला.

इकडची माणसं प्रश्न सरळ विचारतात. आमच्याकडे पाहुण्याला आधी पाणी विचारतात, मग गाव. इकडे आधी गाव, मग आडनाव, मग “पावणं कुठलं?”, म्हणजे सोयरे कुठले, आणि मग घरचा ऊस कोणत्या कारखान्याला जातो ते. माझ्या घरचा ऊस कुठेच जात नाही हे कळल्यावर त्या गृहस्थांना माझ्याबद्दल खरोखर वाईट वाटलं.

व्याख्यान एका अभियांत्रिकी महाविद्यालयात होतं. सभागृहावरच्या फलकावर माझ्या निबंधाचं नाव मावलं नसावं, कारण तिथे ‘अॅनिमेशन : करिअरच्या सुवर्णसंधी’ असं लिहिलेलं होतं. माझ्या डोक्याला फेटा बांधला. निबंध वाचताना तो हळूहळू उजव्या डोळ्यावर उतरत होता, त्यामुळे वसाहतवाद मी एका डोळ्यानं वाचला आणि स्त्रियांवरची हिंसा जवळजवळ पाठ म्हटली. एका बेटावरच्या कलावंतानं मिठाच्या खड्यांनी केलेला लघुपट दाखवला. मळ्याचा मालक मजुराला चाबूक मारतो, मजूर घरी येतो आणि तोच चाबूक भिंतीवरून काढतो, एवढाच. तो संपल्यावर एका विद्यार्थ्यानं प्रश्न विचारला, “मॅडम, ह्या फिल्डमध्ये सुरुवातीचं पॅकेज किती मिळतं?”

सगळे पांगले, फेटा सोडून मी पाणी पीत होते, तेव्हा शेवटच्या रांगेतून एक मुलगी पुढे आली. पंचविशीची असेल. बोटांची टोकं पिवळी होती. आधी मला कावीळ वाटली.

“मॅडम, तुमच्या निबंधात समदी बाहेरदेशातली हायत,” ती म्हणाली. “आमच्या घरातलं एक हाय. बगायला येता का सांगलीला?”

तिचं नाव सानिका. बावीस पानं शेवटपर्यंत ऐकलेला सहा वर्षांतला हा पहिला श्रोता, तिला नाही म्हणण्याचा प्रश्नच नव्हता. जाताना आम्ही हमरस्त्यावर अख्खा मसूर आणि रोटी खाल्ली. सावजी रश्श्यात तयार झालेल्या माझ्या जिभेनं पहिल्या घासाला नाक मुरडलं आणि तिसऱ्या घासाला दुसरी वाटी मागितली. मसूर न मोडता शिजवणं ही साधी गोष्ट नाही.

सांगली

सांगलीत हळदीचा हंगाम सुरू होता. बाजाराच्या बाजूला रस्ता पिवळा, हमालांच्या भुवया पिवळ्या, एक कुत्रंही थोडं पिवळं. सानिकाची खोली एका हळदीच्या दुकानावर आहे. दुकानाचे मालक अत्तारचाचा. त्यांनी भाडं कमी घ्यायच्या बदल्यात एकच अट घातली आहे, ती म्हणजे सिनेमात दुसऱ्या कोणाची हळद वापरायची नाही.

कारण सानिकाचा सिनेमा हळदीचा आहे. टेबलाला भोक पाडून त्यावर काच, काचेखाली दिवा, वर कॅमेरा. काचेवर हळदीची पूड पसरायची, ब्रशनं आणि बोटानं चित्र काढायचं, एक फोटो काढायचा, चित्र केसभर सरकवायचं, पुन्हा फोटो. आधीचं चित्र मोडल्याशिवाय पुढचं होत नाही. पंखा लावायचा नाही. दुपारचा घाम पुसायचा तोही मान मागे वळवून. मधल्या काळात एकदा शिंक आली आणि तीन आठवड्यांचा प्रसंग काचेवरून उडाला, असं ती म्हणाली. मी त्या खोलीत श्वास रोखूनच बसले होते.

सिनेमा नऊ मिनिटांचा. नायक तिचे पणजोबा, दौलतआबा. बेचाळीसनंतर या भागातल्या गावांनी इंग्रजाला न जुमानता आपलं सरकार चालवलं, शाळूच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, रानात बसून न्यायनिवाडे केले, फितुरांच्या आणि गुंडांच्या तळपायांवर काठ्या मारल्या, हे आम्हीही पुस्तकात वाचलं होतं. दौलतआबा त्या माणसांचे निरोप पोचवायचे. सिनेमात ते हळदीचे आहेत, त्यांची बायको तानू हळदीची आहे, शाळूसुद्धा हळदीचा. फक्त साहेब काजळीचा आहे, आणि साहेब म्हणजे नुसती हॅट. ही हॅट दौलतआबांना चावडीवर पकडते आणि पाठ फोडून काढते. ते घरी येतात. तानू पाणी घेऊन पुढे होते. ते तांब्या भिरकावतात आणि तिला मारतात. पुन्हा हॅट, पुन्हा घर. तिसऱ्या वेळी मारताना दौलतआबांच्या हळदीत थोडी काजळी मिसळलेली दिसते.

मग एका दुपारी तानू नेहमीसारखी रानातल्या लोकांना भाकरीची पाटी घेऊन जाते. पाटी खाली ठेवते आणि भाकरी देत नाही. म्हणते, “इंग्रजाला मागनं घालवा. आदी माज्या घरातला घालवा.”

त्या दिवशी शाळूच्या रानात दौलतआबांना, त्यांच्याच माणसांनी, पालथं पाडून दोन्ही तळपायांवर काठ्या मारल्या. शेवटच्या चित्रात तानू त्यांच्या तळव्यांना हळद लावते.

मला काय वाटलं ते सांगते. मला हेवा वाटला. सहा वर्षांत मी जे बावीस पानांत कोंबत होते ते या पोरीनं नऊ मिनिटांत, खाली दुकानात मिळणाऱ्या वस्तूत करून ठेवलं होतं.

“हे तुला कोणी सांगितलं?”

“आक्कानं. आबांची लेक. आता पंच्याऐंशीची हाय. तिच्या पायाला तेल चोळत हुते तवा बोलली.” ती काच पुसत होती. “गावात काय सांगत्यात म्हाईताय? आबा लंगडायचं ते पोलिसांनी मारल्यामुळं. इंग्रजानं पाय मोडला म्हंत्यात. उद्या पुतळा बसतुय त्यांचा. आण्णांनी मला सांगितलं, आबांवर पिक्चर कर, उद्घाटनाला लावू. मी केला.”

“तुझ्या वडिलांनी पाहिला?”

“न्हाई.”

चहा घेऊन अत्तारचाचा वर आले होते. ते म्हणाले, “मी बगितला. रंग एक नंबर आलाय. राजापुरी हळद हाय ती.” मग दारातच थांबून हळू आवाजात म्हणाले, “ताई, पोरीला एकटी जाऊ देऊ नका उद्या.”

तेव्हा मला खरी गोष्ट कळली. सानिकाची थोरली बहीण अर्चना. लग्नाला चार वर्षं झाली. दीड महिन्यापूर्वी ती मनगट सुजलेलं घेऊन माहेरी आली ती परत गेली नाही. नवरा कारखान्यात नोकरीला, पुढाऱ्यांमध्ये ऊठबस, पुतळ्याच्या समितीतही. आण्णांनी, म्हणजे या दोघींच्या वडिलांनी, ठरवलं होतं की पुतळ्याच्या आधी घरातली गोष्ट चव्हाट्यावर नको. जावई कार्यक्रमाला येतील, दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता अर्चनाला घेऊन जातील.

“आण्णा वाईट न्हाईत,” सानिका म्हणाली. “त्यास्नी वाटतं, पोरगी घरात बसली की पुतळ्याखाली उभं राहून लोक त्याच इशयावर बोलत्याल. मी अर्चीला म्हणलं, जाऊ नगंस. ती म्हणती, आण्णा थांब म्हणलं तर थांबीन. आता आण्णांना म्हणायला लावायचं कसं? भांडून बगितलं. म्हणून ह्यो शेवट केला.” तिनं एक दुसरा शेवटही करून ठेवला होता, ज्यात पोलिसच पाय मोडतात आणि मागे झेंडा फडकतो. “भ्या वाटलं तर ह्यो लावायचा.”

मग तिनं मला एक काम सांगितलं. सिनेमाच्या आधी मी बोलायचं आणि एवढंच म्हणायचं, की यात आबांची बदनामी नाही, ही तानूआजीची गोष्ट आहे. “तुमच्या तोंडानं आलं की आण्णा ऐकून घेत्याल. प्रोफेसर माणसाला लय मानत्यात ते.”

मी शब्द दिला. दुसऱ्याच्या घरासाठी धीट व्हायला मला कधीच अडचण आलेली नाही.

कुंडलच्या अलीकडचं एक गाव

गावाचं नाव लिहीत नाही. तसं ठरलं आहे.

सानिकाच्या स्कूटरवर मागे, मांडीवर प्रोजेक्टर घेऊन निघाले. फेब्रुवारी म्हणजे इकडे ऊसतोडीचा मोसम. पुढे दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, त्यांवर गाण्यांचे कर्णे, आणि वळणावर ट्रॉलीचा मागचा भाग अख्खा रस्ता अडवून आपल्याकडे येतो. एका वळणावर उसाचं कांडं माझ्या मांडीवर येऊन पडलं. सानिका म्हणाली, “खावा की, गोड असतंय.” मी देवाचं नाव घेत होते, तिनं आडसाली म्हणजे पावसाळ्यात लावलेल्या आणि सुरू म्हणजे हिवाळ्याअखेर लावलेल्या उसातला फरक समजावला.

आण्णा म्हणजे फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. दारातच घड्याळ बघत उभे होते. “रिपोर्ट बाराचा हुता. बारा वीस झाल्यात,” ते म्हणाले आणि लगेच, “आत या मॅडम, ऊन लागलं आसंल.” जेवायला शाळूची भाकरी, खर्डा, पिठलं आणि खपली गव्हाची खीर. आमच्याकडे आग्रह म्हणजे “घ्या ना, थोडं घ्या.” इकडे आग्रह हा हुकूम असतो. सुभेदारांनी वाढपाला उभं राहून तिसरी वाटी खीर माझ्या ताटात ओतली आणि म्हणाले, “हे संपवायचं.” मी संपवली.

अर्चना वाढत होती. उजव्या हातानं भांडं उचलताना डाव्या हातानं मनगटाला आधार देत होती. कोणीच तिकडे पाहत नव्हतं, इतकं ठरवून, की माझं तेवढंच लक्ष तिकडे गेलं.

जेवताना सुभेदारांनी पुतळ्याची हकिकत सांगितली. दौलतआबांचा पूर्णाकृती पुतळा करायचा, हातात काठी, पाय लंगडा, म्हणजे इंग्रजांच्या जुलमाची खूण कायम दिसेल, असं समितीत ठरलं. शिल्पकारानं विचारलं, कोणता पाय? इथे घोडं अडलं. रामूदादा म्हणून समितीत सर्वांत वयस्कर, ते म्हणाले डावा. दुसरे म्हणाले उजवा, मी स्वतः बघितलंय. तिसऱ्यानं सांगितलं, सकाळी डावा असायचा आणि संध्याकाळी उजवा. सहा बैठका झाल्या. दोन भाऊबंदांत बोलणं बंद झालं. एका बैठकीत तर मतदान घ्यायचं ठरलं होतं.

“मग?” मी विचारलं.

“मग शिल्पकार वैतागला. म्हणला, मी छातीपर्यंतच करतो. अर्धपुतळा.” सुभेदार अगदी गंभीरपणे म्हणाले. “बजेटमधी पण बसलं.”

मी सानिकाकडे पाहिलं नाही.

कार्यक्रम संध्याकाळी सहाचा, सुरू झाला सात वाजता. पडद्यासाठी चांगली पांढरी चादर मिळाली असती, पण समितीतल्या कोणाच्या तरी डोक्यातून निघालं की चादर बरी दिसत नाही, कार्यक्रमाचा भलामोठा फ्लेक्स आहे, त्याची मागची बाजू पांढरीच असते. तो उलटा करून टांगला. त्याच्या मागे मंडपाचा मोठा दिवा होता हे कोणाच्या लक्षात आलं नाही. दिवा लागला आणि फ्लेक्सवरचे बत्तीस शुभेच्छुक, हात जोडलेले, काही गॉगल घातलेले, पांढऱ्या कापडातून फिकट होऊन बाहेर बघू लागले. खालच्या रांगेत डावीकडून तिसरे जावई होते. जावई प्रत्यक्षातही पहिल्या रांगेत, फेटा बांधून, सुभेदारांच्या शेजारी बसले होते. मला बघून त्यांनी अतिशय अदबीनं नमस्कार केला. माणूस दिसायला चांगला होता. असा माणूस दिसायला वाईट असेल अशी माझी बहुधा सहा वर्षांची समजूत होती.

नारळ फुटला, अर्धपुतळ्यावरचं कापड निघालं, सात भाषणं झाली. सातांपैकी पाच भाषणांत इंग्रजांनी दौलतआबांचा पाय मोडला. मग मला उभं केलं.

आता कबुली देते. एकच वाक्य बोलायचं होतं. ते तोंडपाठ होतं. समोर सुभेदार, ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर. शेजारी जावई. त्यांच्या मागे गाव. मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून निघालं, “जागतिक अॅनिमेशनच्या संदर्भात वसाहतवादाचा विचार करताना...” मग थांबताच येईना. निबंध मला पाठ होता, तोच माझ्यावर स्वार झाला. चाळीस मिनिटं. लोक शांतपणे ऐकत होते. इकडच्या लोकांना भाषण सोसायची सवय आहे. बसताना टाळ्या झाल्या. सानिकानं एकदा माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

मग ती लॅपटॉपपाशी गेली. मला वाटलं, झेंड्याचा शेवट लावेल. लावला असता तर मी तिला दोष देऊ शकले नसते.

तिनं खरा लावला.

पिवळा उजेड पडला तशी पोरंसोरं गप्प झाली. दौलतआबा चालत आले, टाळ्या पडल्या. हॅट आली, शिव्या पडल्या. पाठ फोडली तेव्हा बायकांमधून “आई गं” ऐकू आलं. मग आबा घरी गेले आणि त्यांनी हात उचलला. तानू पडत होती, उठत होती, पुन्हा पडत होती, आणि तिच्या मागे फ्लेक्समधून बत्तीस जण हात जोडून बघत होते. डावीकडून तिसऱ्या चेहऱ्यावरून दौलतआबांचा हात दोनदा गेला.

“आदी माज्या घरातला घालवा.” हा आवाज सानिकानं आपल्या आईचा घेतला होता हे मला तिथे कळलं, कारण बायकांमध्ये बसलेल्या तिच्या आईनं पदर तोंडाला लावला.

काठ्या पडल्या. तळवे दिसले, काचेएवढे मोठे. तानूनं हळद लावली. संपलं.

अध्यक्षांनी माईक हातात घेतला, ठेवला, पुन्हा घेतला आणि म्हणाले, “आता आभार.” सुभेदार समोर बघत बसले होते. तेवढ्यात रामूदादा, डाव्या पायाचे पुरस्कर्ते, काठीवर भार देऊन उठले.

“खरं हाय ते,” ते म्हणाले. “माज्या बा नं मला सांगितलंवतं. दोन्ही पायावर मारल्यात. शाळूच्या रानात. मारणाऱ्यात माजा बा हुता.”

“मग सहा मिटिंगा डावा डावा का करत हुतासा?” मागून कोणीतरी विचारलं.

“इंग्रजाच्या नावावर एकच पाय घालावा म्हणलं,” रामूदादा म्हणाले आणि खाली बसले.

हसावं की नाही ते कोणाला कळेना. तेव्हा बायकांच्या बाजूनं खुर्चीतून आवाज आला. आक्का. पंच्याऐंशीची, पण आवाज पाटाच्या पाण्यासारखा.

“पोरी, एक चुकलंय तुजं. आईनं हळद लावली न्हाई. हळद वाटली, आबांच्या फुडं ठिवली आन म्हणली, तुमची तुमी लावा.”

“मला सांगितलं न्हाईस ते,” सानिका म्हणाली.

“तू इचारलंस कवा? तुला वाटलं, बाई हाय म्हंजे लावलीच आसंल.”

सुभेदार उठले. सगळा मंडप त्यांच्याकडे वळला. ते मुलीकडे बघत नव्हते, आक्काकडे, म्हणजे आपल्या आत्याकडे, बघत नव्हते. “खुर्च्या उचला,” एवढंच म्हणाले आणि घराकडे चालू लागले. जावयांनी फेटा काढून हातात घेतला होता. जाता जाता त्यांनी अर्चनाला सगळ्यांदेखत सांगितलं, “सकाळी नऊला येतु. तयारीत ऱ्हा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी

मी सुभेदारांकडेच उतरले होते. सानिकाची आई भाकऱ्या थापत होती, नेहमीपेक्षा जोरात. मी सानिकाची माफी मागितली. ती म्हणाली, “असू द्या मॅडम, तुमच्या भाषणानं लोकांची झोप चांगली झाली, पिक्चरला जागी हुती.” हे तिनं चिडून म्हटलं असावं; पण चहा मात्र माझ्यासाठी साखर बरोबर घालून आणला.

सुभेदार ओसरीवर दाढी करून बसले होते. पावणेनऊला ते सानिकाला म्हणाले, “पटका चुकलाय पिक्चरमधी. आबा पांढरा पटका बांधायचे, पिवळा न्हाई.”

“हळदीत पांढरा येत न्हाई आण्णा.”

“मग जागा मोकळी सोडायची,” सुभेदार म्हणाले. दोघांत आदल्या रात्रीपासून झालेलं बोलणं एवढंच.

अर्चना तयार होती. पिशवी भरलेली, पायात चपला, अंगणात उभी. तिला कोणी थांब म्हटलं नव्हतं, आणि ती बापाकडे बघत होती. मला वाटलं, आपण काही बोलावं. मला बावीस पानं बोलता येतात. एक वाक्य येत नाही. सानिका दाराला टेकून उभी होती, बोटं ओढणीला पुसत होती. समोरच्या पारावर रामूदादा आणि आणखी तीन-चार म्हातारे येऊन बसले होते. एवढ्या सकाळी ते तिथे बसत नाहीत, असं आक्का म्हणाली.

बरोबर नऊला मोटरसायकल आली. जावई इस्त्रीच्या कपड्यांत, पायात तपकिरी बूट. गाडी स्टँडला लावून त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला, पारावरच्यांनाही. आक्का आत गेली आणि पाण्यानं भरलेला तांब्या घेऊन आली. जावई दारात आला की पाय धुवायला पाणी द्यायचं, ही इकडची रीत. आमच्याकडेही होती, आता बेसिन झालं.

“या पावणं,” सुभेदार म्हणाले. “बूट काढा. पाय धुवा.”

ते नेहमीच्याच आवाजात म्हणाले होते. जागचे उठलेही नव्हते. जावयांनी वाकून बुटाच्या नाडीला हात घातला. मग मान वर केली. पारावरची म्हातारी माणसं त्यांच्या पायांकडे बघत होती. आक्का तांब्या धरून पायांकडे बघत होती. सानिकाची आई पिठाच्या हातांनी दारात आली होती, तीही तिथेच बघत होती. मीसुद्धा.

“गडबड हाय मामा,” जावई म्हणाले. “हितूनच जातु. चल गं.”

“आमाला गडबड न्हाई,” सुभेदार म्हणाले. “बूट काढा. निवांत बसू. बोलायचं हाय.”

नाडी हातात तशीच राहिली. मग जावयांनी नाडी पुन्हा बांधली, घट्ट, दोन गाठी मारून. “परत येतु कवातरी,” ते म्हणाले. मोटरसायकल दुसऱ्या किकला सुरू झाली. ती वळून गेली तेव्हा पारावरचं कोणी हसलं नाही, रामूदादांनी फक्त तंबाखूची पुडी सोडली.

आक्का तांब्या तसाच धरून उभी होती. सुभेदार उठून लेकीपाशी आले. त्यांनी तिच्या हातातली पिशवी घेतली आणि ओसरीवर ठेवली. अर्चनानं चपला काढल्या, आक्काच्या हातातून तांब्या घेतला, त्या पाण्यानं आपले पाय धुतले आणि घरात गेली.